रद्द प्रत

जन्म-मृत्यू नोंदणी, भायखळा,
खिडकी क्रमांक चार. तिच्यामागे मी,
सत्तावीस वर्षं.

आले तेव्हा शेवटच्या वर्षाची परीक्षा राहिली होती.
बाबा जलखात्यात होते, आणि एका मंगळवारी नव्हते.
अनुकंपेचा अर्ज मीच लिहिला, साध्या बॉलपेननं.
हेडक्लार्क कागद लांब धरून म्हणाला,
"अक्षर सुरेख आहे हो."
इतकी सरळ दाद
कला महाविद्यालयात कुणी दिली नव्हती.

तिथं आम्ही दोघं ळच्या मागे लागलो होतो,
मी आणि अच्युत पेडामकर.
बाकीचे जाहिरातींकडे वळले,
आम्ही एक अख्खा उन्हाळा बोरू तासून
एकच अक्षर घटवत बसलो.
सर म्हणायचे, ळचे दोन डोळे सारखे नसतात,
सारखे केलेत तर चष्मा होईल.
दोघांनी मिळून एक टंक करायचा होता, पूर्ण वर्णमालेचा.
नमुन्याची ओळसुद्धा ठरली होती:
चिंचपोकळी परळ वरळी काळाचौकी.
या शहरात ळशिवाय
कुणाला घरी जाता येत नाही, असं अच्युत म्हणायचा.

मग रजिस्टरं.
दिवसाला चाळीस बाळं,
आणि प्रत्येक बाळात एक ळ.
कुणी बघत नव्हतं, मी वळवून काढायची.
पुढे संगणक आले, पेन सहीपुरतं राहिलं.
वाईट वाटलं म्हणू? बोट दुखायचं थांबलं.
पगार एक तारखेला यायचा.
धाकट्याचा डिप्लोमा, आईचे मोतीबिंदू,
दोन डोळे, दोन वेगळ्या वर्षी.

गेल्या गुरुवारी खिडकीतून हात आला,
नखांत काळी शाई.
"आई गेली," अच्युत म्हणाला, आणि मग, "अगं, तू?"
चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी.
एका मिठाईवाल्याच्या खोक्यावर
मी त्याचं अक्षर ओळखलं होतं,
खोका अजून आहे, सुया-दोरे असतात त्यात.
हे त्याला सांगितलं नाही.
"टंक झाला?"
"चार अक्षरं राहिलीत."
कुठली, ते मी विचारलं नाही.
"आणि तू? काही करतेस?"
"करते की. माणसं आणते, माणसं पाठवते."
मागचा माणूस खाकरला.

प्रिंटर कुरकुरला.
कमला श्रीधर पेडामकर.
त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं.
"कमळा. माझी आई कमळा होती."
हॉस्पिटलातून नाव इंग्रजीत येतं,
वाटेत तो गळतो, नेहमीचंच आहे.
मी पेन उचललं, ल खोडला,
वर ळ काढला.

हाताने दुरुस्त केलेली प्रत अवैध.
हे मला पाठ आहे, नव्या पोरांना मीच शिकवते.
पण हात आधी गेला.
अच्युत काचेला नाक लावून बघत राहिला,
आईकडे का अक्षराकडे, कळलं नाही.
"शेपूट अजून तसंच सोडतेस," एवढंच म्हणाला.

त्याच्याकडून अर्ज घेतला, साहेबांची सही आणली,
दुसरी प्रत छापली. तासभर गेला.
तिच्यातला ळ: चष्मा.
पहिलीवर शिक्का मारला, रद्द.

रद्द प्रत बाहेर द्यायची नसते.
फाडून टोपलीत टाकायची.
मी पुढच्या माणसाला हाक मारली
आणि काउंटरकडे बघितलं नाही.
नंतर बघितलं तेव्हा टोपली रिकामी होती,
आणि जिन्यावर अच्युत
शर्टाच्या खिशाचं बटण लावत होता.

"बाळाचं नाव?"
"अजून ठरलं नाही बाई. घरात भांडणं चाललीत."
कोरं ठेवा, मी म्हटलं,
पंधरा वर्षांपर्यंत भरता येतं.
लेट फी लागते.